कोच टॅरंट यांचं कधीच न निघालेलं कार्ड

"कार्ड मी बनवतो," असं मी जाहीर केलं तेव्हा माझ्या तोंडात अर्धी पिएरोगी होती. बटाट्याचं सारण भरलेली ती उकडलेली करंजी गालात धरून माणसानं कसलीही घोषणा करू नये, असं माझी बायको ग्लेंडा म्हणते. पण हे ती नंतर म्हणाली. त्या वेळी गावच्या अग्निशमन दलाच्या बंबखान्यातल्या हॉलमध्ये साठेक माणसं शुक्रवारचं जेवण जेवत होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी काटे खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. आमच्या डोव्हर क्रीकमध्ये एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघतात असा प्रसंग क्वचितच येतो. मी शाळांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं करतो. लोक बसकडे बघतात, वेळापत्रक करणाऱ्याकडे नाही.

झालं होतं असं. आमचे बंबप्रमुख डूगन दर नोव्हेंबरात त्याच हॉलमध्ये खेळाडूंच्या कार्डांचा, म्हणजे कंपन्या खेळाडूंचे फोटो छापून काढतात आणि लोक हौसेनं जमवतात त्या पत्त्याएवढ्या कार्डांचा, मेळा भरवतात. दोन-तीन निवृत्त फुटबॉलपटू येतात, लांब टेबलामागे बसतात, आणि लोक रांग लावून त्यांच्याकडून त्यांच्याच कार्डावर सही करून घेतात. यंदा डूगननी उभं राहून सांगितलं, की त्या टेबलामागे आपले कोच टॅरंटही बसणार. टाळ्या झाल्या. कोच मात्र पाव मोडता मोडता शांतपणे म्हणाले, "मी नाही बसणार."

"का हो, कोच?"

"माझं कार्डच नाही. सही कशावर करू? लोकांच्या रुमालांवर?"

हॉलमधली माणसं आपापल्या ताटाकडे बघायला लागली. ज्याचं कार्ड निघालं तो टेबलाच्या त्या बाजूला, ज्याचं नाही निघालं तो या बाजूला. आमच्या छंदात ही सीमा फार कडक आहे. अशा वेळी मला बोलायचा मोह होतो. त्यातून ते वाक्य निघालं.

क्लीओफस टॅरंट यांनी आमच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांना पळायला शिकवलं. त्यामुळे ते ऐंशीला टेकले तरी गावात त्यांना कोणी मिस्टर म्हणत नाही, कोच म्हणतात. महापौरही कोच म्हणतात आणि पाद्रीही. तरुणपणी ते ऑलिंपिकमध्ये रिले पळले होते आणि पदक घेऊन आले होते. त्या काळात व्यावसायिक फुटबॉल संघांना एक वेड लागलं होतं. पळणारा माणूस आणायचा आणि त्याला चेंडू झेलायला शिकवायचं. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो. तो हातानं फेकायचा, हातानं झेलायचा, आणि मधल्या वेळात इतरांनी तुम्हाला आडवं पाडायचं. तेव्हा आयर्नमेन नावाच्या संघानं हिशोब केला, की हा माणूस इतका जोरात पळतो की त्याला आडवा कोण पाडणार? हिशोब बरोबर होता. फक्त झेलण्याचा भाग राहिला. दोन मोसमांत कोचनी चार झेल घेतले, आणि दुसऱ्या मोसमाच्या अखेरच्या सामन्यात, अखेरच्या मिनिटाला, जिंकून देणारा चेंडू त्यांच्या बोटांतून सुटला. संघानं त्यांना सोडलं आणि कार्डं छापणाऱ्यांनी त्यांना कधी धरलंच नाही.

गावानं मात्र तो चेंडू पन्नास वर्षं जपला. न्हाव्याच्या दुकानात कोच शिरले की कोणीतरी कंगवा मुद्दाम खाली पाडायचं. आमच्या शेजारच्या व्हर्न प्रूइटनं तर त्यांना 'लोणीहात' असं नावच ठेवलं होतं. कोच हसायचे. मला वाटायचं, माणूस किती दिवस असं हसणार? आता पुन्हा सगळ्या गावासमोर टेबलामागे बसायचं, तेही तीन-तीन कार्डं निघालेल्या खेळाडूंच्या शेजारी. त्यांचं तिथं हसं होता कामा नये, एवढं मी मनाशी ठरवलं. मी त्यांचा विद्यार्थी. गावात एकच माणूस हे करू शकत होता, आणि तो योगायोगानं मीच होतो.

हे मी फुशारकीनं सांगत नाही. ज्यांच्यावर कार्डकंपन्यांनी अन्याय केला अशा खेळाडूंची कार्डं घरच्या घरी बनवणं हा माझा अकरा वर्षांचा छंद आहे. एकशे त्रेचाळीस कार्डं झाली आहेत. त्यातली बहुतेक ग्लेंडानं पाहिलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी कोचकडे फोटो मागायला गेलो. आयर्नमेनच्या पोशाखातला, प्रत्यक्ष खेळतानाचा त्यांचा एकच फोटो होता, तोही वर्तमानपत्रातला. त्यांनी तो कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. तोच प्रसंग. कोच जमिनीपासून हातभर वर, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि चेंडू बोटांखालून निसटून गुडघ्यापाशी आलेला. ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

"दुसरा नाही का, कोच?"

"दुसरा नाही."

त्या न बोलण्यात किती दुःख आहे हे मी तत्काळ ओळखलं. माणसांच्या मनातलं मला चटकन कळतं. कार्डाच्या पाठीवर जुन्या पद्धतीप्रमाणे खेळाडूच्या छंदाची एक ओळ असते, म्हणून जाता जाता छंद विचारला.

"लिही, लवकर घरी पोचणे," कोच म्हणाले.

घरी आल्यावर मी निर्णय घेतला, की कार्डावर तो चेंडू झेलला जाईल. संगणक कशासाठी असतो? रविवारी चर्चहून आल्यावर मी बसलो, माझ्या संग्रहातल्या दुसऱ्या एका फोटोतला उत्तम चेंडू कापला आणि कोचच्या बोटांत बसवला. इतका बेमालूम बसला की मला स्वतःलाच क्षणभर तो सामना जिंकल्यासारखं वाटलं. मी ग्लेंडाला हाक मारली.

ती हात पुसत आली आणि चष्मा लावून म्हणाली, "छान. पण खालचा कोणाचा?"

खालचा चेंडू अजून गुडघ्यापाशीच होता. तो पुसायला घेतला तर त्याच्यामागचं गवत पुसलं जाईना, गवत पुसलं तर गुडघा जाई, आणि गुडघा वाचवायला गेलो तर डावा पाय मांडीपासून नाहीसा झाला. ज्या माणसाची सगळी पुण्याई पायांत, त्याचा पायच मी घालवला. तीन वाजेपर्यंत मी तो पाय दोनदा घालवला आणि दोनदा परत आणला.

एवढ्यात कुंपणावरून व्हर्न आला. व्हर्नला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली असून तेव्हापासून तो माझ्या घरात सल्लागार आहे. आमच्या गॅरेजचं दार ज्या बाजूनं उघडू नये त्या बाजूनं उघडतं, ते त्याच्याच सल्ल्यानं.

"पुसतोस कशाला?" तो म्हणाला. "भिंतीला भोक पडलं तर माणूस भिंत पाडतो का? वर कॅलेंडर लावतो."

"मग इथं कॅलेंडर लावू?"

"अरे शहाण्या, लोणीहात ऑलिंपिकला गेला होता ना? पाच कडी लाव की!"

मला हे कबूल करायला अजूनही जड जातं, पण कल्पना उत्तम होती. मी पाच रंगीत कडी आणली, त्यांच्यामागे पांढरी पट्टी घातली आणि गुडघ्यापाशी ठेवली. चेंडू नेमका झाकला गेला. जणू ऑलिंपिकवाल्यांनी ती कडी याच मापाची काढली होती. व्हर्न जाताना आमचा उरलेला पाय, म्हणजे सफरचंदाचा पाय, ताटलीसकट घेऊन गेला.

यानंतर सरकार मधे आलं. मेळा होता निवडणुकीच्याच आठवड्यात, आणि बंबखान्याचा हॉल हे आमचं मतदान केंद्र. मंगळवारी मतदान, शनिवारी मेळा. टाउनशिपच्या, म्हणजे गावकारभाराच्या कचेरीतल्या बाईंनी हॉलमध्ये कार्डं वाटायच्या परवानगीचा माझा अर्ज उलटसुलट केला.

"कार्डं विकणार की वाटणार?"

"वाटणार. गावाची भेट म्हणून."

"मग अवघड आहे. विकली असती तर प्रश्न नव्हता. निवडणुकीच्या आठवड्यात त्या इमारतीत एखाद्या व्यक्तीचा फोटो फुकट वाटायचा, तर ती व्यक्ती उमेदवार नाही असं तिचं प्रतिज्ञापत्र लागतं."

"बाई, मतदान मंगळवारीच संपतं."

"आठवडा शनिवारी संपतो," बाई म्हणाल्या.

वेळापत्रकवाल्या माणसाला हे वाक्य ऐकवलं गेलं. मी निमूट फॉर्म घेतला. कोचना घेऊन नोटरीकडे गेलो, तर नोटरी स्वतःच शाळा-मंडळाच्या निवडणुकीला उभा, आणि आपण हितसंबंधी आहोत म्हणून शिक्का मारेना. दुसरा नोटरी नऊ मैलांवर बेडकं, सरडे आणि त्यांचं खाद्य विकायच्या दुकानात निघाला. त्यानं हातातला सरडा पेटीत ठेवला आणि फॉर्म मोठ्यानं वाचला, "आपण कोणत्याही पदासाठी उभे आहात काय?"

कोच म्हणाले, "या गुडघ्यांनी मी बसच्या थांब्यावरही उभा राहत नाही."

"हो की नाही तेवढंच सांगा."

"नाही."

परतीच्या वाटेवर कोचनी विचारलं, "झेल्को, फोटो कसा दिसतोय कार्डावर?" आडनावानं हाक मारायची त्यांची मैदानावरची सवय गेलेली नाही.

"बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही, कोच," मी म्हणालो. हे माझं सगळ्या प्रकरणातलं एकमेव अचूक विधान ठरलं.

राहिली छपाई. छापखान्यातल्या बर्नडेटनं पडद्यावर माझं काम बघितलं आणि हेल्मेटवरच्या खुणेवर बोट ठेवलं. संघाचं चिन्ह छापता येणार नाही, मालकाची परवानगी लागेल. आयर्नमेन संघ बुडून चाळीस वर्षं झाली, मालक त्याआधीच गेला, परवानगी आणायला मी कुठं जाऊ, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे नियमांचा कागद आहे." अर्धा तास वाद घालून मी ते चिन्ह गमावलं. मग तिनं बोट खाली आणलं.

"आणि हे काय? कॉफीच्या कपांचे डाग पडलेत का?"

अकरा वर्षं आणि एकशे त्रेचाळीस कार्डं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

"ती ऑलिंपिकची कडी आहेत," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो.

"अरे बापरे! मग तर मुळीच नाही. चिन्हाचं एक वेळ चालेल, पण या कड्यांना हात लावला की वकिलांचं पत्र येतं. काढून टाकू?"

"काढा. सगळंच काढा! खेळाडू तेवढा ठेवा, जमलं तर."

"चिडू नका हो. काढून प्रूफ दाखवते, दहा मिनिटं थांबा."

"प्रूफ? बाई, मी यात अकरा वर्षं आहे. मला प्रूफ लागत नाही." आणि मी प्रूफ नको या चौकटीत खूण केली, खाली सही ठोकली आणि मान ताठ ठेवून बाहेर पडलो.

वाचकांपैकी जे हुशार आहेत त्यांना इथं काहीतरी खटकलं असेल. मला खटकलं नाही. त्या दिवशी माझा सगळा अपमान कपांच्या डागांभोवती फिरत होता, आणि डागांखाली काय आहे याचा विचार करायला डोक्यात जागाच नव्हती. मी गाडीत बसून बर्नडेटला द्यायची सात उत्तरं तयार केली. ती सगळी चांगली होती.

शनिवारी सकाळी हॉल भरला. सह्यांच्या टेबलामागे चार खुर्च्या. तिन्हींत तीन धिप्पाड निवृत्त खेळाडू, आपापल्या कार्डांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन. चौथीत कोच, करड्या सुटात, टाय लावलेले. त्यांच्यापुढे रिकामं टेबल आणि एक निळं जाड पेन. ते पेन त्यांनी तीनदा उचलून तीनदा खाली ठेवलं. माझ्या लक्षात आलं की कोच घाबरले आहेत. ऑलिंपिकची बंदूक ऐकलेला माणूस एका पुठ्ठ्याच्या खोक्याची वाट बघत घाबरला होता, आणि खोकं माझ्या हातात होतं. मला भरून आलं. मी ते त्यांच्यापुढे ठेवलं आणि चार शब्द बोलायला घसा साफ केला.

तेवढ्यात ग्लेंडानं खोकं उघडलं, वरचं कार्ड उचललं आणि ते हळूच परत ठेवायला लागली. ती असं हळूच काही ठेवते तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असतं.

मी कार्ड घेतलं. कोच हवेत होते. त्यांच्या हातांत एक चेंडू होता, झकास झेललेला. आणि गुडघ्यापाशी दुसरा चेंडू होता, झकास सुटलेला. दोनशे कार्डं, चारशे चेंडू.

पहिल्यांदा व्हर्न हसला. रांगेत सर्वात पुढे तोच होता. "अरे, लोणीहातानं एक झेलला आणि तेवढ्यात दुसरा सोडला!" मग हसू मागे मागे सरकत दारापर्यंत गेलं. शेजारच्या धिप्पाडानं वाकून बघितलं आणि आपलं तोंड कागदी कपात लपवलं. त्यातच रांगेतले छंदवाले खवळले. आमच्या छंदात चुकून छापलेल्या कार्डाला बरोबर छापलेल्यापेक्षा जास्त मान असतो, त्यामुळे "चुकीचं कार्ड! चुकीचं कार्ड आहे!" असं ओरडत माणसं सुवार्ता मिळाल्यासारखी पुढे घुसायला लागली. ज्या माणसाचं हसं होऊ नये म्हणून मी हे सगळं केलं, त्याच्या चुकीच्या मी दोनशे प्रती काढल्या होत्या, वर स्वतःची एक जोडली होती. माझे कान तापले.

"कोच," मी खाली वाकून म्हणालो, "मी खोकं गाडीत नेऊन ठेवतो. पुन्हा छापतो. तुम्ही घरी चला."

कोच कार्ड डोळ्यांजवळ धरून बघत होते. "हा वरचा चेंडू कुठून आला?"

"मी लावला."

"का?"

"लोक हसतात म्हणून. पन्नास वर्षं हसतात. मला वाटलं, एकदा तरी तुम्ही तो झेलावा."

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. रांग जवळ आली होती, पण आता आवाज कमी झाला होता. कोच बोलायला लागले की डोव्हर क्रीकची निम्मी माणसं आपोआप शिस्तीत उभी राहतात. मैदानावर लागलेली सवय.

"झेल्को, हा फोटो तू नीट बघितलास?"

"महिनाभर बघतोय, कोच."

"यात मी सोडून कोण कोण आहे?"

मी बघितलं. महिनाभर मी बोटं, चेंडू, गुडघा आणि गवत बघत होतो. कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दुसरा माणूस नव्हता.

"कोणी नाही."

"मला अडवायला दोघं ठेवले होते. ते या कडेबाहेर आहेत, वीस यार्ड मागे. आमचा फेकणारा घाबरला आणि त्यानं डोळे मिटून चेंडू भिरकावला, कोणालाच नाही. बावीस माणसं होती मैदानावर. तो चेंडू बघून एकवीस थांबली. संपला सामना, असं म्हणून चालायला लागली." त्यांनी बोट गुडघ्यापाशी, खालच्या चेंडूवर ठेवलं. "हा चेंडू सोडायचा झाला, तरी आधी तिथवर पोचायला लागतं. त्या दिवशी अख्ख्या देशात हा चेंडू सोडू शकणारा एकच माणूस होता."

व्हर्ननं डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. हे मी प्रथमच पाहत होतो.

"तुम्हाला वाईट नव्हतं वाटत?" मी विचारलं. "तुम्ही फोटो काढून दिलात तेव्हा काहीच बोलला नाहीत."

"बोलायचं काय? मला तो बघायला आवडतो," कोच म्हणाले.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण बंबखान्याची जमीन सिमेंटची आहे आणि डूगन तिची फार काळजी घेतात.

मग कोचनी निळ्या पेनचं टोपण काढलं. वरच्या चेंडूवर त्यांनी एक स्वच्छ फुली मारली. खालच्या चेंडूशेजारी सावकाश, शिकवणाऱ्या माणसाच्या वळणदार अक्षरात सही केली, क्लीओफस टॅरंट. रांगेत पुढे असलेल्या व्हर्ननं दोन्ही हात पुढे केले, आणि आयुष्यात प्रथमच "थँक्यू, कोच" असं म्हणाला. पण कोचनी कार्ड त्याला दिलं नाही.

त्यांनी पायानं शेजारून एक घडीची खुर्ची ओढली, ती टेबलाच्या आतल्या बाजूला, स्वतःला लागून उघडली, आणि माझ्याकडे बघितलं.

"बस."

"मी? कोच, ही बाजू खेळाडूंची आहे."

"वरचा चेंडू माझा नाही," कोच म्हणाले आणि पेन माझ्या हातात दिलं. "फुलीखाली सही कर. ज्याचा त्यानं घ्यावा."

मी बसलो आणि सही केली. रांग दारापर्यंत होती, दोनशे कार्डं होती, आणि प्रत्येक कार्डावर त्यांच्या सहीनंतर मी स्वच्छ अक्षरात माझं नाव लिहिलं.